धरणातील पाण्याचा वर्षभराचा हिशेब कसा मांडावा

पाटबंधारे खात्याचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते आणि कागदावर त्याचे तीन हंगाम असतात: १ जुलै ते १४ ऑक्टोबर खरीप, १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी आणि १ मार्च ते ३० जून उन्हाळी. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र धरणाच्या वर्षाचे खरे भाग दोनच पडतात. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत धरणातले पाणी सांभाळावे लागते, तर जुलै आणि ऑगस्टमध्ये धरणातली रिकामी जागा सांभाळावी लागते. पाण्याच्या वाटपासाठी बैठका होतात, तक्ते तयार होतात, भांडणेही होतात. रिकाम्या जागेचा हिशेब मात्र पाणी दारात आल्यावरच सुरू होतो. दोन्ही हिशेब तितक्याच काटेकोरपणे आणि आगाऊ मांडले पाहिजेत, या आग्रहातून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. मध्यम प्रकल्पावर नव्याने रुजू झालेले शाखा अभियंते, पाणी वापर संस्थांचे पदाधिकारी आणि नदीकाठच्या उपसा सिंचन संस्थांचे संचालक यांना ते उपयोगी पडावे, अशी अपेक्षा आहे.

जिल्ह्याची ठेवण ध्यानात घेतल्याशिवाय कोणताही हिशेब जुळत नाही. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळ तालुक्यात तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर थांबतो. म्हणजे पाणी पश्चिमेला पडते, धरणे पश्चिमेला आहेत, आणि ऊस, कारखाने, शहरे व पुराचे नुकसान यांचा मोठा भाग पूर्वेला आहे. भोगावतीवरील राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट), दूधगंगेवरील काळम्मावाडीची २५.४० टीएमसी आणि वारणेवरील चांदोलीची ३४.४० टीएमसी आहे. तुळशी, कुंभी, कासारी, कडवी, पाटगाव, चिकोत्रा, चित्री, जांबरे ही धरणे त्यांच्या तुलनेत लहान आहेत. लहान धरण चांगल्या पावसात लवकर भरते आणि उन्हाळ्यात लवकर उघडे पडते, म्हणून नियोजनातील चूक तिथे सर्वांत आधी दिसते.

आधी मोजमाप

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २८.३२ दशलक्ष घनमीटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यामुळे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी निघून जाते. १,००० क्युसेकला त्यासाठी साडेअकरा दिवस लागतात. एवढे एक गणित तोंडपाठ असले की वर्तमानपत्रातील आकडा वाचतानाच त्याचा अर्थ कळतो. राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले की प्रत्येकी १,४२८ क्युसेक आणि वीजगृहातून १,५०० क्युसेक मिळून सुमारे ११,५०० क्युसेक पाणी भोगावतीत येते. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक टीएमसी, धरणाच्या एकूण क्षमतेच्या आठव्या हिश्श्याएवढे.

दुसरे साधन म्हणजे धरणाचा क्षमता तक्ता. कोणत्या पातळीला किती साठा, हे त्यात लिहिलेले असते. सह्याद्रीतील दऱ्या तळाशी अरुंद आणि वर रुंद असतात, त्यामुळे वरच्या पाच फुटांत तळाजवळच्या पाच फुटांपेक्षा कितीतरी अधिक पाणी मावते. धरण उंचीने निम्मे भरलेले दिसते तेव्हा साठा निम्म्याहून बराच कमी असतो, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तेवढेच पाणी सोडूनही पातळी पूर्वीपेक्षा झपाट्याने उतरते. काठावरून पाण्याकडे पाहून अंदाज बांधणाऱ्यांची येथेच फसगत होते. तक्ता जुना असल्यास गाळामुळे खालचे आकडे प्रत्यक्षापेक्षा जास्त असण्याची शक्यता धरावी आणि गाळ सर्वेक्षण झालेले असल्यास सुधारित तक्ताच वापरावा. साठा सांगताना एकूण आणि उपयुक्त यांतील फरकही प्रत्येक वेळी स्पष्ट करावा. मृत साठा विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, खाली असतो आणि तो वाटपात धरता येत नाही.

मोजपट्टी वाचणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. वारा सुटला की जलाशयावर लाटा उठतात आणि पट्टीवरचे पाणी एकसारखे वरखाली होत राहते. अशा वेळी थोडा वेळ थांबून लाटेचा वरचा आणि खालचा आकडा चार-पाच वेळा पाहावा व त्यांची सरासरी लिहावी. पाण्याच्या पातळीच्या जवळ उतरून वाचावे, बांधावर उभे राहून तिरक्या नजरेने वाचू नये. शेवाळाचा हिरवा पट्टा धरलेली पट्टी घासून घ्यावी, कारण पुसट झालेल्या आकड्यामुळे एका दशांश फुटाची चूक सहज होते आणि पूर्ण भरलेल्या मोठ्या जलाशयात तेवढ्या चुकीने साठ्याचा आकडा लाखो घनमीटरने बदलतो. पर्जन्यमापक आणि मोजपट्टी रोज सकाळी एकाच ठरलेल्या वेळी वाचावी.

धरणात येणारे पाणी थेट मोजण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. ते साठ्याच्या फरकावरून काढावे लागते: आजचा साठा वजा कालचा साठा, अधिक चोवीस तासांत सोडलेले पाणी, अधिक बाष्पीभवन. समजा काल सकाळी साठा ६०.०० दलघमी (दशलक्ष घनमीटर) होता, आज ६३.२० आहे आणि दिवसभर १,५०० क्युसेकचा विसर्ग चालू होता. त्या विसर्गाचे ३.६७ दलघमी होतात, म्हणून आवक ६.८७ दलघमी, म्हणजे सरासरी सुमारे २,८०० क्युसेक. पावसाळ्यात हे गणित दिवसातून एकदा करून भागत नाही. अतिवृष्टीत ते तासातासाला करावे लागते.

१५ ऑक्टोबर: हिशेब शेवटाकडून सुरू करावा

परतीचा पाऊस ओसरल्यावर १५ ऑक्टोबरचा उपयुक्त साठा हा वर्षाच्या वाटपाचा पाया मानला जातो. त्या दिवशी धरण भरलेले असते, नदी वाहती असते, आणि मागणी करणाऱ्याला पाणी भरपूर आहे असे वाटते. नेमक्या याच भावनेत रब्बीची पहिली दोन आवर्तने, म्हणजे ठरावीक दिवस पाणी सोडण्याच्या पाळ्या, सढळ हाताने दिली जातात आणि एप्रिलमध्ये कपाळाला हात लावायची वेळ येते. म्हणून हिशेब ऑक्टोबरकडून पुढे न मांडता १५ जुलैकडून मागे मांडावा. जून कोरडा गेला आणि पाऊस महिनाभर लांबला, तरी त्या दिवशी धरणात किती पाणी शिल्लक असले पाहिजे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर लिहिल्याशिवाय दुसरा आकडा कागदावर येऊ देऊ नये.

उदाहरणासाठी एक काल्पनिक मध्यम प्रकल्प घेऊ. १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा २.५० टीएमसी आहे. १५ जुलैची राखीव शिल्लक ०.२० टीएमसी ठरवली. नदीकाठच्या गावांच्या पिण्याच्या योजनांना, वाटेतील घट धरून, सरासरी १५ क्युसेक लागतात. नऊ महिन्यांच्या २७३ दिवसांचे ते सुमारे ०.३५ टीएमसी होतात. बाष्पीभवनासाठी ०.२५ टीएमसी बाजूला काढले. आता सिंचनासाठी १.७० टीएमसी उरले. एका आवर्तनात ३०० क्युसेकने दहा दिवस पाणी सोडले तर ०.२६ टीएमसी खर्च होतात. भागाकार केल्यास सहा आवर्तने पूर्ण होतात आणि ०.१४ टीएमसी हाती राहतात. सहांपैकी दोन रब्बीत आणि चार उन्हाळ्यात दिली, तर १ मार्च ते १० जून या सुमारे शंभर दिवसांत दर पंचवीस दिवसांनी एक आवर्तन येते. रब्बीत तिसरे दिले, तर उन्हाळ्यात तीनच उरतात आणि दोन आवर्तनांतील अंतर तेहतीस दिवसांवर जाते. डिसेंबरमध्ये मागितलेल्या एका जादा आवर्तनाची किंमत ही अशी आठ दिवसांची असते, आणि ते आठ दिवस एप्रिल-मे महिन्यांत, ऊस पाण्यावाचून माना टाकत असताना मोजावे लागतात.

हा कागद कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आणि त्याआधी गावोगावच्या संस्थांच्या सभेत जसाच्या तसा वाचून दाखवावा, असे मला मनापासून वाटते. शेतकऱ्याला पाण्याचे गणित कळत नाही हा समज चुकीचा आहे. त्याला पूर्ण गणित बहुधा दाखवलेच जात नाही. आवर्तनाच्या तारखा, शिल्लक साठा आणि १५ जुलैचा राखीव आकडा चावडीवर लिहिला गेला की जादा मागणी करणाऱ्यालाच विचारता येते की ती उन्हाळ्यातील कोणत्या आवर्तनातून वजा करायची.

मागणीचा अंदाज घेताना क्षेत्राचे जुने आकडे उतरवून घेऊ नयेत. उसाची आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सुरू लागण जानेवारी-फेब्रुवारीत होते, शिवाय खोडवा असतोच. यांतील प्रमाण बदलले की मार्च ते मेची गरज बदलते. कारखान्यांचा हंगाम लवकर संपला आणि तुटलेल्या उसाचा खोडवा राखला गेला, तर त्याला फेब्रुवारीपासूनच पाणी लागते. पाणी अर्ज वेळेत भरून घेण्याचा आग्रह वसुलीसाठी असतो तसाच या अंदाजासाठीही असावा.

बंधाऱ्यांची साखळी

कोल्हापूरच्या नद्यांवर धरणातून सुटलेले पाणी बहुतांशी कालव्याने न जाता नदीपात्रातूनच जाते आणि ठिकठिकाणच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडते. तिथून ते उपसा संस्थांच्या आणि शेतकऱ्यांच्या मोटारी उचलतात. त्यामुळे धरणाचे नियोजन आणि बंधाऱ्यांचे नियोजन ही एकच गोष्ट आहे. पावसाळा संपून नदीचा प्रवाह उतरला की ऑक्टोबरमध्ये बंधाऱ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवायचे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढायचे, हा वार्षिक क्रम. बर्गे लवकर बसवले आणि परतीच्या पावसाने पाणी चढले, तर बंधाऱ्यावर ताण येतो व काठ खचतात. उशीर केला तर धरणाला हात न लावता फुकट मिळणारे वाहते पाणी निघून जाते. माझ्या मते नदीचा नैसर्गिक प्रवाह चालू असतानाच सर्व बंधारे भरून घ्यावेत आणि धरणातून पहिले आवर्तन त्यानंतर सोडावे, कारण त्या पहिल्या भरण्याएवढे पाणी धरणात वाचते.

बर्गे बसवताना गळतीकडे बारकाईने पाहावे. खाचेच्या तळाशी दगड, फांदी किंवा प्लॅस्टिकचा गोळा अडकला की सर्वांत खालचा बर्गा तिरका बसतो, त्याच्यावरचे सारे बर्गे तिरके होतात आणि दोन बर्ग्यांच्या फटीतून पाण्याची पातळ चादर रात्रंदिवस सांडत राहते. खाच हाताने साफ केल्याशिवाय पहिला बर्गा सोडू नये. बर्ग्यांच्या दोन रांगांच्या मधल्या जागेत चिकण माती थराथराने टाकून दाबावी. मुरमाड माती टाकल्यास ती धुपून जाते. वाकलेले लोखंडी बर्गे आधीच सरळ करून घ्यावेत, आणि काढलेले बर्गे मोजून, क्रमांक टाकून, कुलपात ठेवावेत, कारण चोरीला गेलेले बर्गे ऐन ऑक्टोबरमध्येच आठवतात.

आवर्तन सोडताना एक गोष्ट नियमाने करावी. धरणातून किती वाजता किती पाणी सोडले आणि ते प्रत्येक बंधाऱ्यावर किती वाजता पोहोचले, याची नोंद ठेवावी. कोरड्या पात्रातून पहिले पाणी हळू जाते व बरेचसे मुरते. दुसऱ्या आवर्तनात तेच अंतर लवकर कापले जाते. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी असल्या की शेवटच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी पोहोचवण्यासाठी धरणाचा विमोचक नेमका केव्हा बंद करायचा, हे कळते. पाणी शेवटच्या बंधाऱ्यावर पोहोचल्यानंतर विमोचक बंद केला, तर वाटेत असलेले सारे पाणी जादा ठरून पुढे निघून जाते. वरच्या गावांच्या मोटारी पाणी येताच सुरू होतात, ही शेवटच्या गावांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. उपसाबंदीचे वेळापत्रक त्यासाठीच असते: पाणी पुढे सरकत असताना वरच्या भागातील उपसा ठरावीक दिवस बंद ठेवायचा आणि खालचा भाग भरल्यावर तो उघडायचा. हे वेळापत्रक आवर्तनाच्या किमान आठवडाभर आधी जाहीर व्हावे आणि महावितरणच्या कृषिपंपांच्या वीजवेळांशी जुळवून घ्यावे, नाहीतर ज्या दिवशी उपशाची पाळी त्या दिवशी वीज रात्रीची, असा प्रकार होतो आणि नियम पाळणाऱ्याचेच नुकसान होते.

मार्च ते जून

उन्हाळ्यात दर पंधरवड्याला प्रत्यक्ष साठा आणि ऑक्टोबरमध्ये ठरवलेला साठा शेजारी शेजारी लिहावा. प्रत्यक्ष साठा कमी आढळला, तर तूट पुढच्या एकाच आवर्तनावर न टाकता उरलेल्या सर्व आवर्तनांवर थोडी थोडी वाटावी. मे महिन्यात बाष्पीभवन मोठे असते: दहा चौरस किलोमीटर पसरलेल्या जलाशयावरून दिवसाला सात मिलिमीटर पाणी उडाले, तर सत्तर हजार घनमीटरची घट होते आणि तिची दाद कोणाकडेही मागता येत नाही. एकाच नदीखोऱ्यात दोन धरणे असतील, तर कोणाचे पाणी आधी वापरायचे हे ठरवताना उथळ आणि पसरट जलाशय आधी रिकामा करणे बहुधा फायद्याचे ठरते.

पिण्याच्या पाण्याचा प्राधान्यक्रम कागदावर पहिला आहे. तो नदीतही पहिला राहील याची खात्री करावी. कोल्हापूर शहराला २०२३ पासून काळम्मावाडीतून थेट पाइपलाइनने पाणी येऊ लागले, तरी नदीकाठच्या असंख्य गावांच्या योजना आजही पंचगंगा, भोगावती आणि दूधगंगेतच आहेत. बंधाऱ्यातील पाणी साठून राहिले की सांडपाण्यामुळे त्याला काळपट रंग आणि वास येतो, मासे मरतात आणि मग पाणी सोडण्याची मागणी होते. प्रदूषण धुण्यासाठी धरणाचे पाणी वापरणे हा उपाय नव्हे, परंतु लोकांना तेच पाणी प्यावे लागत असताना ते नाकारताही येत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या हिशेबात अशा एका छोट्या विसर्गाची तरतूद हाती राहिलेल्या पाण्यातून आधीच करून ठेवावी. दूधगंगा आणि वेदगंगा पुढे कर्नाटकात जातात. दूधगंगा प्रकल्पात त्या राज्याचा करारानुसार हिस्सा आहे, तोही वर्षाच्या तक्त्यात स्वतंत्र ओळीने दाखवावा.

मे महिन्यातच दरवाजांची तपासणी पूर्ण करावी. दरवाजे वरखाली करून पाहावेत, रबरी सील, साखळ्या, वायररोप, वंगण, डिझेल जनरेटर आणि रात्रीचा उजेड तपासावा. कोणते काम कोणत्या पातळीला हाती घ्यावे हेही महत्त्वाचे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये राधानगरी धरणावर दरवाजाचे तांत्रिक काम सुरू असताना दरवाजा उघडा अडकला आणि ऐन हिवाळ्यात नदीत अचानक पाणी आले. भरलेल्या धरणावर दरवाजाला हात लावण्यापूर्वी तो अडकलाच तर पाणी कशाने थांबवायचे याची तयारी करून, खालच्या गावांना सूचना देऊनच काम सुरू करावे.

पावसाळा: रिकाम्या जागेचा हिशेब

जलाशय प्रचालन सूची म्हणजे पावसाळ्यातील कोणत्या तारखेला धरण कोणत्या पातळीपर्यंत भरू द्यायचे, याचे मंजूर वेळापत्रक. त्यामागील विचार साधा आहे. मागील अनेक वर्षांच्या आवकेच्या नोंदींवरून, एखाद्या तारखेनंतर धरणात आणखी किती पाणी खात्रीने येईल, हे काढता येते. तेवढे पाणी पुढे येणारच असेल, तर तेवढी जागा त्या दिवशी रिकामी ठेवायला हरकत नाही. जुलैअखेर जागा जास्त ठेवायची, ऑगस्टमध्ये ती टप्प्याटप्प्याने कमी करायची आणि सप्टेंबरमध्ये धरण पूर्ण भरून घ्यायचे, असा त्याचा आकार असतो.

हे पाळणे अवघड का जाते, हेही सांगितले पाहिजे. जुलैमध्ये पाणी सोडले आणि पुढे पाऊस आला नाही, तर दोष अधिकाऱ्यावर येतो. पाणी सोडले नाही आणि पूर आला, तर तो पावसावर ढकलता येतो. त्यामुळे लवकर भरून घेण्याकडे कल राहतो. याला उत्तर म्हणजे लेखी सूची आणि तिच्याशी रोज केलेली तुलना. सूचीतील पातळीच्या वर धरण गेले तर पाणी सोडावे, आणि ते सोडणाऱ्याच्या पाठीशी सर्वांनी उभे राहावे. यात शेतकरी संस्थाही आल्या.

रिकामी जागा किती लवकर भरते याचा अंदाज आकड्यांनी घ्यावा. शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटात चोवीस तासांत २०० मिलिमीटर पाऊस पडला आणि जमीन आधीच भिजलेली असल्याने त्यातील ८० टक्के पाणी वाहून आले, तर १६ दलघमी, म्हणजे ०.५६ टीएमसी पाणी येते. सरासरी आवक सुमारे साडेसहा हजार क्युसेक. धरणात अर्धा टीएमसी जागा असेल, तर ती दिवस संपण्याआधी भरते आणि त्यानंतर येईल तेवढे पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. याउलट, अतिवृष्टीचा इशारा मिळताच चार दिवस २,००० क्युसेक पाणी सोडले असते, तर तोवर येणारी आवक वजा जाता ०.६९ टीएमसीपर्यंत जागा झाली असती, आणि २,००० क्युसेकने पंचगंगेच्या पातळीत फारसा फरक पडला नसता. पूर आल्यावर सोडलेले आणि पुराआधी सोडलेले पाणी आकड्याने सारखे असले तरी नदीकाठच्या घरांना ते सारखे नसते.

राधानगरीबाबत एक वेगळी मर्यादा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या धरणाचे काम हाती घेतले आणि ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी पूर्ण संचय पातळीला, म्हणजे ३४७.५० फुटांना, पोहोचले की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. रात्री-अपरात्री माणूस पोहोचला नाही तरी धरण सुरक्षित राहते, हा त्यांचा मोठा गुण. परंतु पातळी खाली असताना त्यांतून पाणी सोडून जागा करता येत नाही. त्यामुळे राधानगरीत आगाऊ विसर्गासाठी मुख्यतः वीजगृहाचा मार्ग आणि सेवाद्वारच उरते, आणि म्हणून तिथे निर्णय इतर धरणांपेक्षा काही दिवस आधी घ्यावा लागतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच वीजगृहातून पूर्ण क्षमतेने पाणी सोडत राहणे हे येथे पाणी वाया घालवणे नसून जागा मिळवणे आहे.

विसर्ग ठरवताना केवळ धरणाकडे पाहून चालत नाही. धरणांच्या खालच्या क्षेत्रात, ज्याला मुक्त पाणलोट म्हणतात, पडणारा पाऊस कोणत्याही दरवाजाला विचारून येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमाने प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा बनते, आणि या सर्व नद्या एकाच वेळी भरून आल्या की एकाही धरणाचा दरवाजा न उघडता पाणी पात्राबाहेर पडू शकते. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये तिथे पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. राजाराम बंधाऱ्याची पातळी चढत असेल आणि धरणात जागा असेल, तर विसर्ग रोखून धरावा. ती उतरत असेल, तर साठलेले पाणी टप्प्याटप्प्याने सोडून पुढच्या पावसासाठी जागा करावी. विसर्गात एकदम मोठी वाढ करू नये, आणि एकाच खोऱ्यातील दोन धरणांचे वाढीव पाणी कोल्हापुरात एकाच वेळी पोहोचणार नाही, असे तास मोजून सोडावे. आवर्तनाच्या वेळी लिहून ठेवलेल्या नोंदींप्रमाणेच पुराच्या पाण्याच्या प्रवासाच्याही स्वतंत्र नोंदी ठेवाव्यात, कारण भरलेल्या नदीत पाणी वेगळ्या गतीने जाते आणि काठ सोडून शेतात पसरले की पुन्हा मंदावते.

पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा कोयनेच्या विसर्गाने आधीच फुगलेली असली, तर पंचगंगेचे पाणी पुढे न सरकता शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत फुगवट्याने थांबते. म्हणून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात कोयना, चांदोली, सांगलीचा आयर्विन पूल आणि कर्नाटकात कृष्णेवर असलेली हिप्परगी व अलमट्टी धरणे यांच्या पातळ्या रोज समोर असाव्यात. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने तो पूर अलमट्टीच्या फुगवट्यामुळे आला नसल्याचा निष्कर्ष काढला. जिल्ह्यात त्याबाबत आजही मतभेद आहेत. तो वाद तज्ज्ञांवर सोपवूनही एवढे तर निश्चित करता येते की दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी जूनपासून रोज एकमेकांना आवक, साठा आणि पुढील चोवीस तासांचा विसर्ग कळवावा.

इशारा देण्याची पद्धत ठरलेली असावी. विसर्ग वाढवण्याआधी तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयास संदेश, धरणावर भोंगा, आणि संदेशात केवळ क्युसेकचा आकडा न देता कोणत्या गावाजवळ पाणी कुठपर्यंत येईल याचा उल्लेख. दहा हजार क्युसेक म्हणजे काय हे घरात बसलेल्या बाईला कळण्याचे कारण नाही. मळ्याकडचा रस्ता संध्याकाळपर्यंत पाण्याखाली जाईल, असे सांगितले तर ती दुपारीच जनावरे वर हलवते.

सप्टेंबर

ऑगस्टअखेरपासून जोखमीचे पारडे बदलते. आता पुराची शक्यता कमी होत जाते आणि धरण अपुरे राहण्याची भीती वाढते. पातळी सूचीप्रमाणे चढू द्यावी आणि वीजगृहाचा विसर्ग आवकेशी जुळवून घ्यावा. परतीचा पाऊस ढगफुटीसारखा थोड्या वेळात कोसळतो, म्हणून धरण भरलेले असतानाही दरवाजांवरील रात्रीचा पहारा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उठवू नये.

याच काळात वर्षाची नोंदवही पूर्ण करावी. प्रत्येक तारखेची पातळी, साठा, पाऊस, आवक, विसर्ग, बंधाऱ्यांवर पाणी पोहोचल्याच्या वेळा, कोणत्या आवर्तनात कोणते गाव कोरडे राहिले आणि सूचीपासून फारकत घेतली असल्यास ती कोणाच्या आदेशाने व कोणत्या कारणाने, हे सर्व तीत असावे. बदली झालेल्या अधिकाऱ्याने ती वही पुढच्याच्या हाती सहीनिशी द्यावी आणि तिची एक प्रत पाणी वापर संस्थेच्या कार्यालयात कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी.